एक शोधनिबंध वाचूया : घरात कोण पडलं, आणि कोण मोजलंच गेलं नाही

'सर्वांसाठी सुलभ घर' हा विषय संशोधनासाठी निवडावासा वाटतो, कारण त्याला विरोध कुणाचाच नसतो. रांगणारं बाळ, गरोदर बाई, पाय प्लास्टरमध्ये असलेला कॉलेजचा मुलगा, व्हीलचेअर वापरणारी मुलगी, ऐंशीचे आजोबा, या सगळ्यांना वावरता येईल असं घर असावं, याला नाही कोण म्हणेल? पण संशोधक म्हणून अडचण इथेच सुरू होते. ज्याला सगळेच हो म्हणतात, ते खरं ठरलं की नाही हे तपासायचं कसं?

१९९७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत रॉन मेस आणि सहकाऱ्यांनी 'युनिव्हर्सल डिझाइन'ची सात तत्त्वं मांडली. सगळ्यांना सारखाच वापर करता यावा, वापरात लवचिकता असावी, श्रम कमी पडावेत, पुरेशी जागा असावी, अशी ती तत्त्वं आहेत. या विषयावरच्या बहुतेक प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात ती तुम्हाला भेटतील. ती दिशा छान दाखवतात. पण एखाद्या घरात ही तत्त्वं पाळली, तर तिथल्या माणसांच्या आयुष्यात नेमका किती फरक पडतो, हे ती सांगत नाहीत. ते त्यांचं कामही नाही.

म्हणून आज आपण असा एक निबंध वाचणार आहोत, ज्याने हा फरक खरोखर मोजायचा प्रयत्न केला. मायकल कील आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१५ साली 'द लॅन्सेट'मध्ये आला. अभ्यास न्यूझीलंडच्या तारानाकी भागातला आहे. निबंध उत्तम आहे, आणि म्हणूनच त्यावर टीका करून बघण्यासारखी आहे. वाईट निबंधातल्या चुका कुणालाही दिसतात. चांगल्या निबंधाची मर्यादा दिसायला लागली, की समजा तुम्ही संशोधनासाठी तयार होताय.

अभ्यासात केलं काय?

एकूण ८४२ कुटुंबं घेतली. अट अशी, की घर १९८० च्या आधी बांधलेलं हवं, राहणारे स्वतःच मालक हवेत, आणि घरातल्या एका तरी व्यक्तीला सरकारी भत्ता किंवा सवलत मिळत असावी. मग संगणकावर नाणेफेक करून दोन गट पाडले. ४३६ घरांमध्ये लगेच दुरुस्त्या झाल्या, उरलेल्या ४०६ घरांना त्याच दुरुस्त्या तीन वर्षांनी करून देण्याचं ठरलं.

दुरुस्त्या साध्या होत्या. जिन्याला आणि बाहेरच्या पायऱ्यांना कठडा, न्हाणीघरात धरायला दांडा, बाहेर दिवा, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या, घसरड्या ओसरीवर न घसरणारा थर. भिंती पाडणं नाही, काही नाही. एखादा सुतार एखाद्या दिवसात उरकेल असं काम.

मग मोजलं काय? घरात पडून वैद्यकीय उपचार घ्यावे लागले अशा घटना, दर माणशी दर वर्षी. ही माहिती विम्याच्या दाव्यांमधून मिळाली. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात भरपाईची राष्ट्रीय योजना आहे. अपघातात चूक कुणाची हे न बघता ती उपचारांचा खर्च उचलते, त्यामुळे किरकोळ दुखापतीचीही कुठेतरी नोंद होते. दाव्यांमधली वर्णनं वाचून वर्गवारी करणाऱ्यांना कोणतं घर कोणत्या गटातलं हे माहीत नव्हतं.

शिकण्यासारखं काय?

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी 'म्हातारी माणसं' निवडली नाहीत, घरं निवडली. पडण्याबद्दलचं पुष्कळ संशोधन पासष्टीच्या पुढच्यांवर होतं. इथे त्या घरात राहणारे सगळे, लहान-मोठे, मोजले गेले. कठडा एकदा बसला की तो आजीही धरते आणि नातूही. म्हणून नाणेफेकीचं एकक माणूस नसून कुटुंब आहे. एकाच घरातल्या दोन माणसांना दोन वेगळ्या गटांत टाकणं शक्यच नाही. 'क्लस्टर रँडमायझेशन' पाठ करताना गोंधळ होत असेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट नैतिकतेची. दुसऱ्या गटाला काहीच मिळालं नाही असं झालं नाही, त्यांना उशिरा मिळालं. कठड्यासारखी उपयोगी वस्तू एखाद्याला कायमची नाकारून संशोधन करणं अवघड असतं. प्रतीक्षायादी हा त्यातला एक सभ्य मार्ग.

आकडे सावकाश वाचा

हा निबंध सगळीकडे 'दुखापती २६ टक्क्यांनी घटल्या' या वाक्याने ओळखला जातो. ते बरोबर आहे, पण अर्धं आहे. सारांशातच दोन आकडे शेजारी शेजारी दिलेत. कच्चा दर बघा : दुरुस्ती झालेल्या घरांत दर हजार माणसांमागे वर्षाला ६१ दुखापती, न झालेल्या घरांत ७२. गुणोत्तर ०.८६, म्हणजे घट १४ टक्के. त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६६ ते १.१२. यात १ येतो, म्हणजे 'काहीच फरक नाही' ही शक्यता अजून शिल्लक आहे.

मग वय, आधी पडल्याच्या नोंदी, लिंग आणि वांशिक पार्श्वभूमी यांचा हिशेब धरल्यावर गुणोत्तर ०.७४ होतं आणि इंटरव्हल ०.५८ ते ०.९४. आता १ बाहेर गेला. २६ टक्के हा आकडा इथून आलाय.

लगेच 'आकड्यांशी खेळ केला' असं म्हणू नका. तान्ह्या बाळापासून नव्वदीपर्यंतची माणसं एकत्र मोजताना वयाचा हिशेब धरणं योग्यच आहे. शिवाय, या दुरुस्त्यांमुळे ज्या दुखापती टळू शकतात अशाच वेगळ्या काढल्या, तर घट आणखी मोठी, ३९ टक्के दिसते. परिणाम जिथे दिसायला हवा तिथेच जास्त दिसतोय, ही विश्वास वाढवणारी गोष्ट आहे. पण तुमच्या प्रबंधात हा अभ्यास उद्धृत करताना दोन्ही आकडे लिहा. नुसतं २६ लिहिणाऱ्याने सारांशही धड वाचला नाही असं परीक्षकाला वाटेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

न पडलेली माणसं

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येऊया. आक्षेप हिशेबावर नाही, काय मोजलं त्यावर आहे.

समजा एका घरासमोर चार पायऱ्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून त्या घरातल्या आजींनी दोन वर्षांपूर्वी खाली उतरणंच सोडलं. त्या पायऱ्यांवरून त्या कधी पडतील? कधीच नाही. या अभ्यासाच्या नोंदीत त्या अगदी सुरक्षित आहेत. घर त्यांच्यापुरतं बंद झालंय हे कोणत्याही रकान्यात येत नाही. दर काढताना खाली भागायला घेतलीत ती त्या घरात राहण्याची वर्षं. पायऱ्या किती वेळा चढल्या-उतरल्या, हे तिथे नाहीच.

आता याच आजींच्या घरी कठडा बसला. त्यांना धीर आला, रोज बागेत जाऊ लागल्या, आणि एक दिवस घसरल्या. नोंद काय होईल? दुरुस्ती केलेल्या घरात एक दुखापत वाढली. म्हणजे दुरुस्तीचं सगळ्यात मोठं यश या मापात तोटा म्हणून दिसू शकतं. याचा अर्थ असाही निघतो, की दर उतरण्यामागचा धोका २६ टक्क्यांपेक्षा जास्त कमी झालेला असू शकेल. आपल्याला कळायला मार्ग नाही, कारण ते मोजलेलं नाही.

आणि व्हीलचेअर वापरणाऱ्याचं काय? पायरीला कठडा आला, पायरी तशीच राहिली. त्याच्यासाठी घर होतं तिथेच आहे. घर सुरक्षित असणं आणि घर सुलभ असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या निबंधाने पहिल्याचं उत्तर दिलंय आणि दुसऱ्याचं देण्याचा दावा केलेला नाही. दावा करतात ते तो उद्धृत करणारे.

भाडेकरूही इथे नाहीत, हे सुटू देऊ नका. अट वाचताना ती ओळ पटकन नजरेआड होते. पण भिंतीला भोक पाडायला ज्याला मालकाला विचारावं लागतं, त्याच्या घराबद्दल हा अभ्यास गप्प आहे.

शेजारी दुसरा अभ्यास ठेवा

टीका करताना एक सवय लावून घ्या. 'हे मोजलं नाही' म्हटलं, की 'मग ते कुणी मोजलंय का' हे शोधा. इथे युरोपातला 'एनेबल-एज' प्रकल्प कामाला येतो. स्वीडन, जर्मनी, ब्रिटन, हंगेरी आणि लातविया या पाच देशांतल्या, एकट्या राहणाऱ्या १,९१८ वृद्धांचा हा अभ्यास. त्यात घरातले अडथळे मोजले आणि त्या व्यक्तीला काय जमत नाही तेही मोजलं, मग दोन्हींची सांगड घातली. नुसती अडथळ्यांची संख्या फारसं काही सांगत नव्हती. त्या माणसाला त्या घराची किती अडचण होते, याचा मात्र रोजच्या स्वावलंबनाशी संबंध दिसला. उंच ओटा हा सहा फुटी माणसाला अडथळा नाही, बसून स्वयंपाक करणारीला आहे. हे आपल्याला आधीच माहीत होतं म्हणाल, पण माहीत असणं आणि दाखवून देणं यात फरक आहे.

याही अभ्यासाला मर्यादा आहेतच. त्यात कुणाच्या घरात काही बदललं नाही, फक्त निरीक्षण केलं. त्यामुळे अडचणीच्या घरामुळे माणूस परावलंबी झाला, की परावलंबी माणसाला तेच घर अडचणीचं झालं, हे ठामपणे सांगता येत नाही. आणि वृद्धांव्यतिरिक्त त्यात कुणीच नाही. थोडक्यात, एकाकडे चांगला प्रयोग आहे पण माप अपुरं, दुसऱ्याकडे चांगलं माप आहे पण प्रयोग नाही. तुमचा संशोधनप्रश्न या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

आपल्याकडे करायचं तर

न्यूझीलंडसारखी दाव्यांची नोंद आपल्याकडे नाही. रुग्णालयात पोचतात ती मोठी फ्रॅक्चर्स. मुका मार लागला की घरीच हळद-लेप होतो. म्हणजे माहिती तुम्हालाच, घरोघर जाऊन, ठरावीक दिवसांनी गोळा करावी लागेल.

एककही बदलेल. लिफ्ट नसलेल्या चार मजली सोसायटीत जिना कुणा एकाचा नसतो. कठडा बसवायचा तर निर्णय सोसायटीचा, आणि फायदा सगळ्या बिऱ्हाडांना. मग नाणेफेक घरांची नाही, इमारतींची करावी लागेल. इमारती कमी, बिऱ्हाडं जास्त, म्हणजे नमुन्याचं गणित नव्याने मांडायचं.

आणि माप. रात्री उठून मोरीपर्यंत जायची भीती वाटते म्हणून संध्याकाळनंतर पाणीच कमी पिणारी आजी तुमच्या ओळखीत असेल. भारतीय पद्धतीच्या संडासात बसलं तर उठता येत नाही म्हणून नातेवाइकांकडे मुक्काम टाळणारे काका असतील. यातलं कुणीही पडलेलं नाही. कोणत्याही दुखापतीच्या नोंदीत ही माणसं येणार नाहीत, आणि त्या नोंदी बघून पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवणाऱ्याला ती दिसणारही नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी : कील यांच्या अभ्यासाचा आराखडा ठेवा, नाणेफेक आणि प्रतीक्षायादी दोन्ही ठेवा, पडण्याचीही नोंद ठेवा. त्याच्या जोडीला तीन साधे प्रश्न घाला. गेल्या आठवड्यात किती दिवस घराबाहेर पडलात? आंघोळ कुणाच्या मदतीशिवाय केलीत का? घरातली कोणती जागा वापरणं सोडलंय? शेवटचा प्रश्न वय न बघता सगळ्यांना विचारा. आठ वर्षांच्या मुलीला आणि चाळिशीतल्या माणसालाही.