फोटो राहिले, कथा गेली : महाविद्यालयाचं ग्रंथालय आणि लिहिणारी मुलं

मागे बसलेल्यांपर्यंत आवाज पोहोचतोय ना? ठीक आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘महाविद्यालयीन ग्रंथालयातील सर्जनशील लेखनाचे उपक्रम’ असा छापला आहे. नाव जरा जड झालं, पण गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आणि आज आम्ही म्हणतोय ते चार-पाच जणांच्या वतीनं. आम्ही महाविद्यालयांत लेखनाच्या कार्यशाळा घेतो, कथा-कविता स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, हारतुरे स्वीकारतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतो. त्यामुळे आज जी टीका करणार आहोत तिचा पहिला वाटा आमच्याच पानात वाढून घेतलेला बरा.

आधी या उपक्रमांचं पंचांग बघू. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती, म्हणजे ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन येतो, पण तेव्हा परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, म्हणून तो बहुतेक फलकावरच साजरा होतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं लेखन या तीन-चार तारखांना बांधलेलं असतं. त्या दिवशी प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ‘कथा कशी लिहावी’ यावर तासभर भाषण, शेवटी आभार. मुलांच्या हातात पेन येतं ते स्पर्धेच्या वेळी, आणि घंटा वाजली की ते खाली ठेवावं लागतं.

तारखांना आमची हरकत नाही. दिवाळीही तारखेलाच येते. पण दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घराघरांत काहीतरी चाललेलं असतं. २७ फेब्रुवारीच्या आधी आणि नंतर ग्रंथालयात लेखनाचं काय चाललेलं असतं, हा आमचा प्रश्न आहे.

आता एक प्रसंग सांगतो. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावचं महाविद्यालय. नाव सांगत नाही, कारण चूक आमची होती. २७ फेब्रुवारीची कथास्पर्धा, जागा ग्रंथालयाचं वाचनकक्ष, वेळ दोन तास. आम्ही तिघे परीक्षक. भिंतीवर बहिणाबाई चौधरींची तसबीर, तिला ताजा हार.

एका मुलीनं कापूस वेचणीची गोष्ट लिहिली होती. आई दिवसभर वेचणी करते, संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढतं, आणि काट्यावर दिसलेलं वजन मुकादमाच्या वहीत उतरताना कमी होतं. आईला वाचता येत नाही. मग ती रोज रात्री मुलीला सांगते, आजचे किलो तुझ्या वहीत लिहून ठेव. बस, एवढीच गोष्ट. शेवटी भांडण नाही, न्याय नाही. मुलीच्या वहीतल्या आकड्यांची एक रांग आहे. आई बोलते ती अहिराणीत, आणि सांगणारी मुलगीही मधूनच अहिराणीत शिरते. ‘माझी आई’ लिहिता लिहिता ‘मनी माय’ लिहून जाते.

आमच्याकडे गुणांचा छापील तक्ता होता. विषय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन. पहिल्या दोन रकान्यांत तिला चांगले गुण पडले. पुढच्या दोन रकान्यांत आम्ही ‘मनी माय’भोवती लाल गोल काढले. बेरीज केली, मुलगी उत्तेजनार्थ बक्षिसातही आली नाही. पहिलं बक्षीस गेलं सैनिकाच्या पत्नीवरच्या एका कथेला. कथा नीटनेटकी होती, एकही चूक नव्हती, आणि आज तिच्यातलं एक वाक्य आम्हाला आठवत नाही.

वरून बहिणाबाई बघत होत्या. त्यांची लेवा गणबोली आणि या मुलीची अहिराणी या दोन वेगळ्या बोली आहेत, हे खरं. पण ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बहिणाबाईंच्या ओव्या आपल्याला वाचायला मिळतात, कारण घरातल्या माणसांनी त्या ऐकल्या तशा उतरवून ठेवल्या. त्या १९५१ साली वारल्या, आणि संग्रह १९५२ साली आला. कोणी उतरवून घेताना लाल पेन चालवलं असतं, किंवा कागद ठेवलेच नसते, तर ती तसबीर त्या भिंतीवर नसती. हे सगळं आम्हाला माहीत होतं. आदल्याच तासाला आम्ही त्यावर भाषणही केलं होतं.

दोन वर्षांनी त्याच महाविद्यालयात कार्यशाळेला गेलो. मधल्या काळात ती कथा डोक्यातून जात नव्हती. ठरवलं, मुलीची परवानगी घेऊन तीच कथा मुलांसमोर ठेवायची आणि आमची चूक उघडपणे सांगायची. ग्रंथपालांकडे कागद मागितले. त्यांनी अगदी तत्परतेनं फाईल काढून दिली. फाईल उत्तम होती. उपस्थितीचा तक्ता सह्यांसकट, कार्यक्रमाचे रंगीत फोटो, अहवाल, प्रमाणपत्राचा नमुना, स्थानिक दैनिकातलं कात्रण. मूल्यांकन समितीला दाखवायला लागतं ते सगळं होतं. कथा मात्र नव्हत्या. त्या जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर रद्दीत गेल्या होत्या. मुलगी पदवी घेऊन गेलेली. कथा हॉलमध्ये, दिलेल्या कागदांवर लिहिलेली, म्हणजे तिच्याकडेही प्रत असण्याचा संभव कमी.

मित्रहो, आमची सगळी टीका या एका फाईलमध्ये आहे. जपून ठेवणं हा ज्या जागेचा धर्म, तिथं लेखनाच्या कार्यक्रमाचा पुरावा जपला गेला आणि लेखन विकलं गेलं.

आता कोणी म्हणेल, स्पर्धेतला प्रत्येक कागद जपायच्या लायकीचा असतो का? नसतो. पण लायकी ठरवायची कोणी आणि कधी? त्या दिवशी ती आम्ही ठरवली होती, दोन तासांत, तक्ता भरून. मराठी साहित्याचा इतिहास अशा चुकलेल्या निकालांनी भरलेला आहे. ‘सत्यकथा’चंच घ्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी तिथं संपादनाचा जो वस्तुपाठ घालून दिला, तो मराठीतली खरी लेखन कार्यशाळा होता. कथा परत पाठवायची, पण सोबत पत्र जायचं, कुठं अडलं ते सांगायचं, लेखक पुन्हा लिहायचा. अनेकांचं लेखन त्या पत्रांतून घडलं. आणि त्याच ‘सत्यकथे’च्या अंकाची १९६९ साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी होळीही केली, कारण त्यांना त्या दारातून आत येता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चांगला संपादक हवा, आणि त्याचा निकाल अंतिम नसावा, यासाठी कागद शिल्लक राहायला हवेत.

महाविद्यालयाच्या आवारातून साहित्य उभं राहू शकतं का, अशी शंका असेल तर औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे बघा. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली तिथं महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. तिथं मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ चालवायला घेतलं, आणि दलित साहित्याच्या एका पिढीला स्वतःचं व्यासपीठ मिळालं. तिथं काय होतं? शिकवणारी माणसं होती, पुस्तकं होती, लिहिणारी मुलं होती, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या तारखेऐवजी पुन्हा पुन्हा निघणारा अंक होता. कच्चं लेखन कुठंतरी जातं, कोणीतरी वाचतं, पुढचा अंक येतो. हा फेरा चालू राहणं म्हणजे उपक्रम.

आता जरा कपाटांकडे येऊ. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत ड्युईची दशांश पद्धत चालते. तिच्यात लेखन कसं करावं याची पुस्तकं ८०८ या क्रमांकाखाली जातात, आणि मराठी साहित्य ८९१.४६ खाली. ८०८ आणि ८९१.४६ यांच्यामध्ये बरीच कपाटं असतात. आमच्या कार्यशाळा सगळ्या ८०८मध्ये होतात. कथेचे घटक, पात्रचित्रण, सुरुवात कशी करावी, शेवट कसा करावा. मुलं उतरवून घेतात. पण लिहिणारा माणूस घडतो तो ८९१.४६च्या कपाटाशी उभा राहून, पुस्तकं काढून, परत ठेवून, पुन्हा काढून. आणि तिथं तर अनेक ठिकाणी कुलूप असतं! चिठ्ठी भरा, शिपाई पुस्तक आणून देईल. ज्या मुलीला कोणतं पुस्तक हवं तेच अजून माहीत नाही, तिनं चिठ्ठीवर काय लिहावं? मुक्तद्वार पद्धत ही लेखकासाठी ग्रंथालयाची पहिली सेवा आहे, आणि तिला पाहुणा लागत नाही.

दुसरी सेवा जुन्या अंकांची. कथा आधी दिवाळी अंकात येते, मग संग्रहात येते, आणि मध्ये लेखकानं ती बदललेली असते. दोन्ही छापील रूपं एका टेबलावर शेजारी ठेवा आणि मुलांना फरक शोधायला सांगा. पुनर्लेखन म्हणजे काय हे आमच्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्यातून जास्त कळेल. हे काम फक्त ग्रंथालयच करू शकतं, कारण जुना अंक वर्गात नसतो, ग्रंथालयात असतो. म्हणजे, असायला हवा. जागा नाही म्हणून सर्वांत आधी जे बाहेर जातं ते हेच.

तिसरी सेवा जपण्याची. १९५४च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. म्हणजे छापलेल्याची काळजी घ्यायला देशात चार दारं आहेत. हस्तलिखित कथेला, भित्तिपत्रकावरच्या कवितेला यातलं एकही दार नाही. तिच्यासाठी जगात एकच ग्रंथालय असू शकतं, ते तिच्या महाविद्यालयाचं. तिथून ती रद्दीत गेली की विषय संपला.

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. अनेक ठिकाणी ग्रंथपालाचं पदच रिकामं आहे. जिथं माणूस आहे तिथं तो परीक्षेचं काम करतो, माहिती भरतो, आणि उरलेल्या वेळात पुस्तकं देतो. त्याच्यावर आणखी एक ‘उपक्रम’ लादावा असं आम्ही म्हणत नाही. उलट एखादा कार्यक्रम कमी करा म्हणतो. वाचलेल्या शाल-श्रीफळाच्या पैशात एक लोखंडी कपाट येईल आणि काही जाड फायली येतील. आठवड्यातून एक ठरलेला तास, एक टेबल, मराठीचे एक शिक्षक. मुलांनी लिहिलेलं आणायचं, तिथं वाचलं जाईल, पुन्हा लिहायला परत मिळेल. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. आणि ज्याला ठेवायचं आहे त्याचं लेखन, त्याच्या लेखी संमतीनं, त्या कपाटात राहील. हक्क लिहिणाऱ्याचाच, ग्रंथालय फक्त सांभाळणार.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ग्रंथपाल दिनाला हे पाच नियम फलकावर असतातच. पाचव्या नियमाचा अर्थ आपण विकत घेतलेल्या पुस्तकांची संख्या एवढाच लावला आहे. ग्रंथालय आतूनही वाढू शकतं, तिथं बसणाऱ्या मुलांच्या लिहिण्यानं.

शेवटी परत त्या खानदेशातल्या ग्रंथपालांकडे येतो. गंमत बघा, कथा त्यांना आमच्यापेक्षा चांगली आठवत होती. त्यांनी ती गठ्ठा बांधताना वाचली होती. मग ठेवली का नाही, असं आम्ही विचारलं. ते म्हणाले, साहेब, ठेवायची कशी? आमच्याकडे यायचं तर दाखल नोंदवहीत चढावं लागतं. तिथं प्रकाशक लिहावा लागतो, किंमत लिहावी लागते, बिल क्रमांक लिहावा लागतो. या कागदांना काय बिल आहे?

आम्ही गप्प बसलो. मुकादमाची वही आणि ही वही, दोन्हींत त्या मुलीचं वजन उतरलं नव्हतं, आणि तिसरी वही आमच्या गुणांची होती.

पण निघताना त्यांची नोंदवही आम्ही सहज चाळली. बऱ्याच पानांवर काही नोंदींपुढं किंमत नव्हती, बिल क्रमांकही नव्हता. त्या जागी एकच शब्द लिहिलेला होता, ‘भेट’. कोणी निवृत्त शिक्षकानं दिलेली पुस्तकं, कोणाच्या आजोबांचा संग्रह. म्हणजे बिलाशिवाय आत यायची वाट त्या वहीत पहिल्यापासून होती. आम्ही ती त्यांना दाखवली. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, पुढच्या फेब्रुवारीला बघू.

आम्ही म्हटलं, फेब्रुवारी कशाला? सोमवारी बघा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.