चिकाटीचा हिशेब : एका घरातील तीन आत्मचरित्रे

आमच्या शाळेच्या पारितोषिक-समारंभात काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यास आम्ही विशेष बक्षीस दिले. घरची अत्यंत गरिबी, वडिलांचे आजारपण आणि एकदा पदरी आलेले अपयश, इतक्या अडचणींतून मार्ग काढून तो शालान्त परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला होता. त्या प्रसंगी आम्ही चिकाटीवर भाषण केले आणि उदाहरण अर्थातच महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे दिले. समारंभ आटोपल्यावर सभागृहाच्या शेवटच्या रांगेत त्या मुलाची थोरली बहीण उभी असलेली दिसली. तीही आमचीच विद्यार्थिनी. भावाची फी भरता यावी म्हणून नववीतून शाळा सोडून शिवणकामास बसलेली. हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आमच्या भाषणात तिचा उल्लेख नव्हता. त्या दिवसापासून चिकाटीवर बोलताना आमची जीभ थोडी अडखळते. प्रस्तुत लेख त्या अडखळण्यातूनच सिद्ध झाला आहे.

चिकाटीचा जो पाठ आपण वर्गात देतो, त्याचा साचा ठरलेला आहे. प्रथम संकट, मग निश्चय, मग कष्ट आणि शेवटी यश. या पायऱ्यांवर एकच मनुष्य चढत असतो आणि बाकीचे जग त्याला अडविण्यापुरते किंवा टाळ्या वाजविण्यापुरते असते. या साच्यात कर्वे यांचे चरित्र इतके चपखल बसते की, ते त्यातून बाहेर काढून पाहण्याची आपणांस आठवणच होत नाही. परंतु मराठी वाङ्मयाने तशी सोय करून ठेविली आहे. एकाच घराण्याच्या धडपडीविषयी तीन आत्मचरित्रे आपल्या भाषेत आहेत : स्वतः कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५), त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). ही तिन्ही पुस्तके एकेकटी पुष्कळ वाचली जातात. ती शेजारी ठेवून वाचावीत, असे आमचे म्हणणे आहे.

‘आत्मवृत्ता’चा विशेष म्हणजे त्याचा स्वर. गणिताच्या अध्यापकाने उदाहरण सोडवावे, तशा पायऱ्यांनी ही कथा पुढे जाते. कोकणातील मुरूड गावचा एक मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी कुंभार्लीच्या घाटाने शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत साताऱ्यास जातो आणि वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून परीक्षेस बसू न देता त्याला परत पाठविण्यात येते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने या प्रसंगावर अश्रूंचा अभिषेक केला असता. कर्वे तो सांगतात आणि पुढे जातात. पुढे १८८१ साली मॅट्रिक, १८८४ साली बी. ए., १८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई यांचा मृत्यू आणि त्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताची नेमणूक, हा सारा क्रम याच संथ लयीत येतो. अपयश आणि यश यांना एकाच मापाने मोजण्याची ही वृत्ती आम्हांस या ग्रंथाचा मोठा गुण वाटते. चिकाटी म्हणजे दात-ओठ खाऊन केलेली झुंज नव्हे; ती उद्याही तेच काम करावयाचे आहे, हे शांतपणे ओळखणे होय, असा बोध ही शैलीच करून देते.

परंतु याच गुणाच्या पोटात या ग्रंथाची उणीवही आहे. ज्या लेखणीस स्वतःच्या दुःखाचा गाजावाजा करवत नाही, तिला दुसऱ्याचे दुःखही पुरते टिपता येत नाही. १८९३ साली कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्यास गेला. महाविद्यालयातील तास संपवून कर्वे रोज पायी हिंगण्यास जात आणि परत येत, ही गोष्ट आपण मुलांस सांगतो. आयुष्याचा विमाही त्यांनी संस्थेस देऊन टाकला, हेही सांगतो. मात्र तो विमा ज्यांच्या आधारासाठी होता, त्यांस काय वाटले, हे ‘आत्मवृत्त’ वाचून कळत नाही. त्यासाठी ‘माझे पुराण’ उघडावे लागते.

‘पुराण’ हा शब्द आपल्या बोलीत थोड्या थट्टेनेच येतो. लांबण लावणाऱ्यास ‘तुझे पुराण पुरे’ असे आपण म्हणतो. बायांनी तो शब्द आपल्या पुस्तकाच्या कपाळी लावला, यातच त्यांचा स्वभाव दिसतो. आठव्या वर्षी वैधव्य आलेली ही कोकणातील मुलगी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. तिची भाषा ग्रंथात शिकलेली नाही. ती ओसरीवर बसून बोललेली भाषा आहे, आणि बोलता बोलता ती संसाराचा जमाखर्च मांडीत जाते. नवरा सारे काही संस्थेस वाहून टाकतो; मुले वाढत असतात; चूल मात्र रोज पेटवावी लागते. घरास आपल्या कमाईचा आधार असावा म्हणून बायांनी नागपुरास जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले. संस्थेसाठी दारोदार वर्गणीही मागितली. पतीविषयीचा आदर आणि पतीविषयीचा राग ही दोन्ही या पुस्तकात एकाच पानावर नांदतात. एकाने दुसऱ्याला खोटे पाडलेले नाही. मराठी आत्मचरित्रात इतका निर्मळ राग आम्हांस क्वचितच आढळला आहे.

या रागास एक आणखी कारण आहे, आणि ते चिकाटीच्या आपल्या कल्पनेस अवघड जाणारे आहे. विधवाविवाहाचे कार्य आणि विधवाशिक्षणाचे कार्य कर्वे यांनी पुढे एकमेकांपासून वेगळे केले. सनातनी घरांनी आपल्या लेकी-सुना आश्रमात धाडाव्यात, तर तेथे पुनर्विवाहाचा वासही येता कामा नये, हा त्यामागील विचार. परिणाम असा झाला की, संस्थापकाच्या पत्नीसच पुनर्विवाहित म्हणून त्या संस्थेत प्रारंभी मोकळेपणाने वावरता येईना. व्यवहारदृष्ट्या हा निर्णय शहाणपणाचा होता. त्याशिवाय संस्था तगली असती की नाही, याची आम्हांस शंका वाटते. परंतु त्याची किंमत बायांनी चुकविली. चिकाटी म्हणजे कधीही न वाकणे, असे आपण शिकवितो. कर्वे वाकले, म्हणूनच ते टिकले. आणि ते वाकले, तेव्हा भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. ही तिन्ही वाक्ये एकदमच खरी आहेत, हे सांगण्याचे धैर्य चरित्रवाङ्मयास असले पाहिजे.

तिसरे पुस्तक या दोहोंच्या मध्ये उभे आहे. पार्वतीबाई आठवले या बायांच्या धाकट्या बहीण. तरुण वयात वैधव्य, पदरी एक मुलगा आणि अक्षरओळख उशिरा झालेली. त्यांनी हिंगण्याच्या आश्रमाचा भार उचलला आणि त्याच्यासाठी निधी मिळवीत गावोगाव प्रवास केला. केशवपन केलेली विधवा म्हणून सनातनी समाजाचा त्यांच्यावर विश्वास बसे; ती रूढी त्यांनी १९१२ साली विचारपूर्वक सोडली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्या घरी घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ची भाषा साधी, क्वचित उपदेशाकडे झुकणारी आहे, बायांचा तिखटपणा तीत नाही, आणि कर्वे यांचा तोलही सर्वत्र नाही. तरीही या पुस्तकातील चिकाटी आम्हां शिक्षकांस सर्वांत जवळची वाटावी. येथे संकट समाजाचे आहे तसेच बुद्धीचेही आहे. परकी भाषा या वयात चटकन येत नाही, आणि लेखिका ते लपवीत नाही. आपल्या वर्गात मागील बाकावर बसणाऱ्या मुलास ‘आत्मवृत्ता’तील गणिताच्या अध्यापकापेक्षा ही बाई अधिक आपली वाटेल.

येथे कोणी विचारील की, थोरांच्या चरित्रात अशी उकराउकर कशाला? मुलांसमोर आदर्श अखंडच ठेवावा. या आक्षेपात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. कोवळ्या मनास आधार लागतो, आणि महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आम्हां मंडळींस तर चिकाटीच्या आदर्शाची गरज रोजच भासते. परंतु अखंड आदर्श आणि अपुरा आदर्श यांत फरक आहे. ज्या चिकाटीच्या कथेतून सोबतीचे हात पुसून टाकलेले असतात, ती ऐकणाऱ्या मुलास दोन चुकीच्या गोष्टी शिकविते. एक, यश आले तर ते सर्वस्वी माझे. दुसरी, अपयश आले तर दोषही सर्वस्वी माझा. पहिलीतून कृतघ्नता येते, दुसरीतून निराशा. आणि आमच्या अनुभवात दुसरीने पहिलीपेक्षा अधिक मुले गमाविली आहेत.

शिवाय यश हे चिकाटीचे वेतन आहे, ही समजूतही याच घराने खोडून काढली आहे. कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० साली ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली. कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी आली. ती पाहण्यास कर्वे हयात होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांस भारतरत्नही मिळाले. आता त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव पाहा. संततिनियमनाच्या प्रचारासाठी त्यांनी नोकरी गमाविली, खटले सोसले आणि ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. पित्याहून पुत्राची चिकाटी रतिभरही उणी नव्हती. परंतु त्याच्या वाट्यास हयातीत उपहासच अधिक आला. त्याचे म्हणणे काळाने नंतर मान्य केले. चिकाटीचे मोल यशावर ठरवावयाचे असेल, तर पुत्रास नापास करावे लागेल. आणि तसे करण्यास आमचे मन धजत नाही.

तात्पर्य, ही तीन पुस्तके मिळून एक ग्रंथ होतो. ‘आत्मवृत्त’ काम कसे उभे राहिले ते सांगते, ‘माझी कहाणी’ ते कोणाच्या पायांवर चालले ते सांगते, आणि ‘माझे पुराण’ त्याचा खर्च कोणाच्या घरातून गेला ते सांगते. यांपैकी एकही काढले तर हिशेब जुळत नाही. कर्वे यांची थोरवी यामुळे कमी होते, असे आम्हांस वाटत नाही. उलट, ज्या घरातील पत्नी आपला राग छापून प्रसिद्ध करू शकली, त्या घराविषयी आमचा आदर वाढतो. आमची अध्यापकबंधूंस आणि भगिनींस एवढीच सूचना आहे की, वरच्या वर्गांत ‘आत्मवृत्ता’तील एखादा उतारा शिकविताना त्याच्या जोडीस ‘माझे पुराण’मधील एखादा उतारा वाचून दाखवावा आणि मुलांस दोहोंत काय फरक पडला ते लिहावयास सांगावे.

आम्ही हा प्रयोग गेल्या वर्षी केला. पुढील पारितोषिक-समारंभाच्या आधी आणखी एक गोष्ट केली. बक्षीस मिळालेल्या त्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन त्याच्या बहिणीस बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून परीक्षेस बसण्याविषयी विचारले. तिने शिवणयंत्र थांबविले नाही. विचार करून सांगते, एवढेच म्हणाली. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. अर्ज मात्र आम्ही आमच्या टेबलाच्या खणात ठेवून दिला आहे.