दरबारचित्र : साक्ष आणि रचना
सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांच्या मुद्रा मराठी मनात ज्या रूपात ठसल्या आहेत, तिचे श्रेय बव्हंशी जेम्स वेल्स (१७४७–१७९५) या स्कॉटिश चित्रकाराकडे जाते. १७९१ मध्ये मुंबईत आलेल्या वेल्सने पुढे पुण्यात या दोघांना प्रत्यक्ष पाहून रंगविले. त्या व्यक्तिचित्रांना साक्षीमूल्य आहे. चार्ल्स मॅलेट पेशव्यांशी टिपूविरुद्धचा तह करीत असल्याच्या प्रसिद्ध दरबारचित्राला मात्र ते सरसकट देता येत नाही. तह १७९० चा; तेव्हा वेल्स मुंबईत पोहोचलाही नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या रेखाटनांच्या आधारे, टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये हे चित्र सिद्ध केले. त्याचा आश्रयदाता मॅलेट हाच त्याचा नायक. १७९९ मध्ये तो वेल्सच्या कन्येचा पतीही झाला होता. चेहरे पाहिलेले, प्रसंग रचलेला, अशी ही संहिता आहे. ऐतिहासिक कादंबरीची घडणही याहून निराळी नसते : तपशील दफ्तरातले, जुळणी लेखकाची. म्हणून पागोटी आणि पेहराव अस्सल ठरले, तरी मध्यभागी कोण आणि कडेला कोण, ही मांडणी मॅलेटच्या बाजूने केलेले भाष्यच ठरते. मॅलेटसाठीच वेरूळची लेणी रेखाटणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबटाने हा दरबार कसा मांडला असता, हा प्रश्न विचारल्यावाचून या चित्राचे वाचन पुरे होत नाही.