'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना : वाचकाच्या दृष्टीने समीक्षा

'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र होय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना या सूत्रावर तपासून पाहणे उचित ठरेल.

२०२५ ते २०२७ साठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, असा तिचा विस्तार आहे. लहान गावातील शासकीय महाविद्यालयालाही मोठ्या संस्थांइतकेच वाचनसाहित्य मिळावे, हा तिचा हेतू स्वागतार्ह आहे.

मात्र पहिला टप्पा शासकीय संस्थांपुरताच आहे. खासगी शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयातील विद्यार्थी त्याच विद्यापीठाची तीच परीक्षा देतो. परंतु ही नियतकालिके त्याला मिळत नाहीत. शिवाय हे साहित्य मुख्यतः इंग्रजी आहे. उर्दू वा मराठी विषयात एम.ए. करणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे लागत नाही.

'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे सूत्र. नुसती वर्गणी भरल्याने ते साधत नाही. शोध कसा घ्यावा हे शिकवावे लागते. इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वरील प्रबंध सर्वांना विनामूल्य खुले आहेत. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवून ते दाखविल्यास आजच प्रारंभ होईल. तथापि प्रबंध हा नियतकालिकांना पर्याय नव्हे. खासगी महाविद्यालये आणि भारतीय भाषा यांचा समावेश झाल्याशिवाय योजनेचे नाव सार्थ ठरणार नाही.