लाडक्या लेकीचा हट्ट

पुच्चिनीचं 'ओ मिओ बाब्बीनो कारो' तुम्ही एखाद्या लग्नात, डोळे मिटून प्रार्थनेसारखं गायलेलं ऐकलं असेल. सूर चोख, गाणं मात्र चुकलेलं! 'जान्नी स्किक्की' (न्यूयॉर्क, १९१८) हे प्रहसन आहे. घरात प्रेत, नातेवाइकांना मृत्युपत्र बदलून हवंय, आणि अपमानाने चिडलेला स्किक्की निघून चाललाय. तेवढ्यात त्याची लेक लाउरेत्ता गळ घालते: लग्न होऊ दिलं नाहीत तर आर्नो नदीत उडी घेईन. बाप विरघळतो, आणि पुढे खोटं मृत्युपत्र सांगताना सगळ्यात मोलाची मालमत्ता स्वतःच्याच नावावर करतो! लेकीचं आर्जव खरं असो वा लटकं, माझ्या मते त्यात हट्ट ऐकू यायलाच हवा. मंडळात नाट्यगीत गाताना आपण तरी प्रवेश कुठे वाचतो म्हणा. हा अख्खा ऑपेरा जेमतेम तासाभराचा आहे.