घोरणाऱ्याची बाजू

घोरण्यावरचा प्रत्येक विनोद जाग्या माणसाने केलेला असतो. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला जो नावाचा लठ्ठ पोरगा दार ठोठावता ठोठावता उभ्यानेच झोपतो. हे निरीक्षण इतकं पक्कं, की १९५६ मध्ये डॉक्टरांनी एका आजाराला ‘पिकविक’चंच नाव दिलं. पण जोला आतून काय होतं, ते डिकन्सने लिहिलं नाही. आपला कुंभकर्णही ढोल बडवून उठवण्यापुरताच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी जुहूच्या रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी कारण सांगितलं स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडणं. श्रद्धांजल्यांत मात्र त्यांचं सोनंच जास्त चमकलं.

भाईंदर पूर्वेच्या वन रूम किचनमध्ये सहा वर्षं मी सीपॅपचा मास्क लावून झोपतोय. यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. रात्री लाइट गेली की घरचे पंख्यासाठी उठतात, मी श्वासासाठी. सकाळी गालावर पट्ट्यांचे वळ घेऊन लोकल पकडतो. पूर्वी याच लोकलच्या दारात उभ्याउभ्या डोळा लागायचा, आणि ग्रुपमधले हसत हसत माझी कॉलर धरून ठेवायचे.