दाबल्यावर बरं वाटतं, म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" त्यांच्या हातात तेव्हा लाकडी काटेरी रोलर होता, आणि बोलता बोलता ते तो तळहातावर फिरवत होते. मी म्हटलं, उत्तर तुमच्या हातातच आहे. म्हणून आजचा विषय घरगुती ॲक्युप्रेशर.

आधीच कबूल करतो, मीही दाबतो. डोकं दुखलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दाबतो, मान आखडली की खांदा चोळून घेतो. बरं वाटतं. त्यामुळे हे भाषण टिंगल करण्यासाठी नाही. पण 'बरं वाटतं' आणि 'बरं होतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं अनुभवाचं. त्यावर वाद घालण्याचा अधिकार कुणालाही नाही, तुमचं दुखणं तुमचं. दुसरं विधान मात्र अनुमान आहे, आणि अनुमान म्हटलं की हेतू तपासावा लागतो.

प्रथम तो तक्ता घेऊ. तळपायाचं रंगीत चित्र, त्यात इथे यकृत, इथे मूत्रपिंड, अंगठ्यात मेंदू. बऱ्याच घरांत तो 'पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान' म्हणून भिंतीवर असतो. इतिहास असा आहे की विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. त्यावरचं पुस्तक १९१७ सालचं. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी १९३०च्या दशकात त्यावरून तळपायाचा नकाशा तयार केला. म्हणजे तक्ता जेमतेम शंभर वर्षांचा. चिनी परंपरा खरोखर जुनी आहे, पण तिच्यात बारा मुख्य वाहिन्या आणि त्यांवरचे बिंदू आहेत, तळपायावर सगळं शरीर मांडलेलं नाही. आपण या दोन गोष्टींची भेळ केली आणि वर जोडवी-बांगड्यांची शेव भुरभुरली. 'पूर्वजांना ठाऊक होतं म्हणून जोडवी घालत' हे म्हणायला सोपं आहे. पण तसा हेतू असल्याचा पुरावा द्यायचा कुणी? नंतर सुचलेलं कारण आधीच्या माणसांच्या तोंडी घालणं, याला इतिहास म्हणत नाहीत.

अर्थात जुनं म्हणून खरं नाही, तसं नवं म्हणून खोटंही नाही. तेव्हा वय बाजूला ठेवू आणि युक्तिवादाकडे वळू.

तक्त्याचा युक्तिवाद कसा चालतो बघा. बिंदू दाबला आणि दुखला, तर 'त्या अवयवात दोष आहे'. दुखला नाही, तर 'अवयव ठीक आहे'. तपासणीत तो अवयव ठणठणीत निघाला, तर 'दोष अजून रिपोर्टात यायचा आहे'. आणि दाबून त्रास वाढला, तर 'शुद्धी चालू आहे'. आता मला सांगा, काय घडलं असतं तर हा तक्ता चुकला असं आपण म्हटलं असतं? काहीच नाही. कार्ल पॉपर यांचा मुद्दा हाच होता, की जे विधान कधीच चुकू शकत नाही, ते जगाबद्दल काही सांगतच नाही.

मग आराम का पडतो? एक कारण तर शरीरातलंच आहे. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी 'द्वार-नियंत्रण' सिद्धांत मांडला. स्पर्श आणि दाब यांच्या संवेदना जाड मज्जातंतूंमधून जातात आणि मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशाची वाट काही प्रमाणात अडवतात. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो ना, तेच. त्याला नकाशा लागत नाही. दुसरं कारण म्हणजे काळ. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. आपण उपाय करतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आपल्या नैयायिकांनी अन्वयाबरोबर व्यतिरेकही मागितला तो यासाठी. 'दाबलं आणि थांबलं' हा झाला अन्वय. 'दाबलं नसतं तर थांबलं नसतं' हा व्यतिरेक कुठे आहे?

तो शोधण्याची रीत वैद्यकात आहे. काहींना खरा बिंदू दाबायचा, काहींना भलतीच जागा, आणि कुणाला काय हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. या कसोटीवर ॲक्युप्रेशरच्या पदरात अगदीच शून्य पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधला बिंदू. त्याला 'पी-६' म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी तो सुईने, दाबाने किंवा अन्य प्रकारे उत्तेजित केल्याच्या ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण यांचा कॉक्रेन आढावा २०१५ साली आला. खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ आणि उलटी कमी झाली. त्या पुराव्याची प्रत मात्र त्यांनीच हलकी ठरवली. एका बिंदूबद्दल, एका तक्रारीबद्दल, इतकं जपून बोललं जातं. आपला भिंतीवरचा तक्ता मधुमेहापासून मुतखड्यापर्यंत बेधडक बोलतो.

कथा कशा फुगतात याचं एक उदाहरण. १९७१ मध्ये जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. लोक सांगतात, सुया टोचून, भूल न देता. रेस्टननी स्वतः लिहिलंय की ऑपरेशन नेहमीच्या भुलेच्या इंजेक्शनांवर झालं. सुया आल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी. पण सुधारलेली गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा वेगाने धावते.

आता तुम्ही म्हणाल, सर, बिनखर्चाचा उपाय आहे, नुकसान काय? याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या पत्नीचा जबडा दुखायला लागला, छातीत जळजळ, थोडा घाम. पित्त असेल असं आम्ही दोघांनी ठरवलं. मी तक्ता काढला आणि तिचा तळहात दाबत बसलो. तिला बरंही वाटलं. 'आता हलकं वाटतंय,' म्हणाली. दीड-दोन तास त्यात गेले. मुलगी घरी आली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आधी गाडी काढा." हृदयविकाराचा झटका होता. ती वाचली, आज बरी आहे. पण जन्मभर हेत्वाभास शिकवणारा माणूस त्या रात्री 'बरं वाटतंय' यावरून 'बरं होतंय' हे अनुमान काढत बसला होता. ते दोन तास माझ्या खात्यावर आहेत.

म्हणून दाबा, जरूर दाबा. थकलेले पाय, आखडलेली मान, प्रवासातली मळमळ, यांसाठी आपल्या माणसाचा हात हे मोठं औषध आहे. मात्र गर्भवती बाईने जाणकाराला विचारल्याशिवाय बिंदू दाबू नयेत. पिंढरी सुजून लाल झाली असेल तर ती चोळू नये, आत गाठ असू शकते. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा अचानक कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर बिंदू शोधायचा नाही, दवाखाना गाठायचा. आणि चालू असलेली गोळी तक्त्याच्या भरवशावर बंद करायची नाही.

त्या गृहस्थांना माझं उत्तर एवढंच. रोलर फिरवत राहा, पण तो फिरवताना आपण नेमकं काय जाणतो आणि काय मानतो, हे वेगळं ठेवा. तत्त्वज्ञानाचा उपयोग तेवढाच आहे, आणि एखाद्या रात्री तेवढा पुरतो. आता प्रश्न विचारा.